सिलिंडरएवढा बर्फ

माझ्या पोटापाण्याचा बर्फ प्लास्टिकचा आहे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरच्या गोदामाच्या वर, आमचा स्टुडिओ आहे आणि तिथं मी सरबतं, लस्सी, आइस्क्रीम असल्या गार वस्तूंचे फोटो काढते. लाइट लावले की खरा बर्फ बघता बघता पाणी होतो. म्हणून ग्लासात ॲक्रिलिकचे खडे टाकायचे, बाहेरून ग्लिसरीन आणि पाण्याचा फवारा मारायचा, की ग्लास कसा थंडगार दिसतो. शूट संपलं की खडे धुऊन-पुसून डब्यात. बाबा त्या डब्याला माझे खोटे दागिने म्हणतात.

बाबांचंही आयुष्य गारव्यातच गेलं. ते रास अल खोरच्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होते. बिल्डिंगमध्ये एसीचे डक्ट, म्हणजे गार हवेचे पत्र्याचे बोगदे, कुठून कसे फिरवायचे त्याची ड्रॉइंग काढायचे, आधी बोर्डावर, मग कॉम्प्युटरवर. ‘अर्धी दुबई मी गार ठेवलीय,’ असं ते कुणालाही सांगतात. त्यातलं निम्मं सोडून द्यावं, पण निम्मं खरं आहे.

त्यांची एकच हौस, फोटो. मी शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी ते मला क्रीकवर, दुबईच्या खाडीकाठी, घेऊन जायचे. कॅमेरा त्यांच्या गळ्यात, पिशवी माझ्या खांद्यावर. दुबईत फोटो काढणाऱ्याचा पहिला धडा वाफेचा असतो. एसीतला थंड कॅमेरा उन्हाळ्यात बाहेर काढला की दमट हवा त्याच्यावर बसते, लेन्स पांढरी होते, पुसली तरी परत होते. म्हणून निघण्याआधी पिशवी बाल्कनीत ठेवायची, कॅमेरा चांगला तापू द्यायचा आणि मगच निघायचं. ‘आधी त्याला गरम होऊ दे,’ हे वाक्य ऐकतच मी मोठी झाले. आमच्याकडे देवापुढचा दिवा एखाद्या दिवशी राहिला असेल, कॅमेऱ्याची बाल्कनी कधी चुकली नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढं याच शहाणपणानं आमचा घात केला.

करामातल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात एका शिपिंग कंपनीचं कॅलेंडर लटकलेलं असे. त्यावर समुद्रात तरंगणाऱ्या बर्फाचा फोटो होता. वर्ष संपलं, आईनं खालची तारखांची पानं फाडून टाकली, पण चित्र राहू दिलं. फोडणीचे शिंतोडे उडून उडून ते पिवळं पडलं. बाहेर पन्नास डिग्रीला टेकलेलं असायचं आणि बाबा चहा पिता पिता त्या चित्राकडे बघून म्हणायचे, ‘एकदा हे बघायचंय. टीव्हीवर नाही. असं समोर उभं राहून.’ पण सुट्टी दोन वर्षांनी मिळायची आणि ती गावच्या घराची कौलं, आत्यांची लग्नं, आजीचं आजारपण यांत जायची. आई गेली त्या वर्षी तर ते चित्रही रंगकामात निघालं. 

ते रिटायर झाले तेव्हा कंपनीचा व्हिसा संपला आणि मी त्यांना माझ्या व्हिसावर घेतलं. म्हणजे ज्या माणसानं मला इथं आणलं, तो आता इथं माझ्यामुळं राहतो. दरवर्षी रिन्यू करायचा. यावरून ते मला ‘कफील’ म्हणून चिडवतात. इथं मालक-जामीनदाराला तसं म्हणतात. ‘कफीलबाई, चहा मिळेल का?’ असं.

मग डोळ्यांचं दुखणं निघालं. काचबिंदू. गावाकडच्या नातेवाइकांना मोतीबिंदूच कळतो, त्यामुळं फोनवर सगळे एकच सांगायचे, ‘ऑपरेशन करून टाका की, आता लगेच घरी सोडतात.’ किती वेळा समजावणार? हा काचबिंदू कडेकडेनं खात येतो. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली सांभाळायची, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. बाबांनी ते त्यांच्या भाषेत मला समजावलं. म्हणाले, ‘डक्टच्या आत बसून पलीकडं बघितल्यासारखं दिसतं. मधलं सगळं क्लिअर. कडा नाहीत.’ घरात ते नीट वावरायचे. चहा करायचे, बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालायचे, खालच्या ग्रोसरीवाल्याशी हिंदीत हुज्जत घालायचे. मला वाटलं, चांगला मोठा डक्ट असणार.

पण डॉक्टरांचं ‘उरलेली’ हे माझ्या डोक्यातून जाईना. त्या हिवाळ्यात मी रजा टाकली, आइसलंडच्या एका फोटो टूरमध्ये दोन जागा घेतल्या आणि बाबांना सांगितलं, ‘चला, कॅलेंडर बघून येऊ.’ ते उठून कॅमेऱ्याची पिशवी घेऊन आले. मग म्हणाले, ‘कॅमेऱ्याची बॅटरी जास्तीची घे. थंडीत टिकत नाही.’ एवढंच. पण नंतर बाथरूममध्ये त्यांना गुणगुणताना मी ऐकलं, आणि आई गेल्यापासून ते गुणगुणले नव्हते.

गरम कपड्यांची सोय समोरच्या फ्लॅटमधल्या आंटीनं केली. आंटी वसईची. एका हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये आहे. युरोपातून येणारे पाहुणे घरून निघताना घातलेली जाड जाकिटं आमच्या उन्हात आले की खोलीत टाकून जातात. कुणी मागायला आलं नाही की ती स्टाफला मिळतात. आंटीकडं अशा जाकिटांचा कपाटभर साठा आहे. करामात राहून जाकिटं जमवणारी ही एकच बाई असेल. तिनं बाबांना निळं जाकीट घालून आरशापुढं उभं केलं आणि म्हणाली, ‘एकदम कॅप्टन दिसताय तुम्ही. येताना मला फोटो पाहिजे हां, बर्फाबरोबर.’ बाबा एसी सोळावर लावून ते घालून बसले.

व्हिसा मिळाला, पण टूरच्या तारखांपुरताच. आल्या दिवशी आत, ठरल्या दिवशी बाहेर. खलास. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

आम्ही तिथं उतरलो तर आकाश खाली आलेलं. मिनीबसचा ड्रायव्हर तिथलाच होता, ताडमाड, बोलणं मोजकं. दक्षिणेच्या किनाऱ्यानं पूर्वेला जायचं, तिथं हिमनदीचे तुटलेले तुकडे समुद्रात जातात आणि लाटा त्यांना परत काळ्या वाळूवर आणून टाकतात. कॅलेंडरवरचं चित्र तेच, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. पण आम्ही अर्ध्यावर एका शेतावरच्या गेस्ट हाउसला मुक्कामाला थांबलो आणि वादळ आलं. पुढचा रस्ता बंद. थोड्या वेळानं मागचाही बंद.

वारा म्हणजे काय ते मला तिथं कळलं. बाहेरचं दार उघडायचं तर दोघांनी धरायचं. ड्रायव्हरनं बजावलं होतं, परवानगीशिवाय कुणी बाहेर जायचं नाही. रस्त्यांचा एक नकाशा फोनवर मिळायचा. उघडा रस्ता हिरवा, बंद रस्ता लाल. सकाळी डोळे उघडले की बाबा पहिला प्रश्न विचारायचे, ‘लाल का गं?’

‘लालच.’

चहा झाला की परत, ‘आता?’

‘लाल, बाबा. मी सांगेन ना हिरवा झाला की.’

दोन पलंग, एक टेबल, एक खिडकी, एक हीटर, त्यावर वाळत घातलेले मोजे. खिडकीबाहेर पांढरं आणि त्या पांढऱ्याचा आवाज. समुद्र तिकडं कुठंतरी होता, ऐकूही येत नव्हता. दुबईत चार महिने उन्हानं कोंडून ठेवलं तरी निदान खाली मॉल असतो, मेट्रो असते, कुणीतरी ‘यल्ला’ म्हणून घाई करत असतं. इथं मला श्वास अपुरा पडायला लागला. परतीची तारीख जवळ येत होती, व्हिसा त्याच्या पुढं एक दिवस देणार नव्हता, आणि मी मनात सारखा हिशेब घालत होते की अमुक वेळेपर्यंत रस्ता उघडला तर जमेल, नाहीतर नाही. बाबा मात्र शांत. गेस्ट हाउसच्या सूपची किंमत त्यांनी आधी दिरहममध्ये करून बघितली, मग रुपयांत, आणि बॅगेतून छोटा राइस कुकर काढला. मग आमचा मेतकूट-भात सुरू झाला. कुकरच्या वाफेनं खिडकी आतून ओली व्हायची आणि बाहेरून गोठायची.

त्याच खोलीत मला कळलं. पहिल्या दिवशी बाबांनी पलंगाच्या कडेवर नडगी आपटली. म्हटलं, नवी जागा आहे. मग दाराच्या मुठीसाठी त्यांचा हात हवेत फिरताना दिसला, मुठीच्या बराच वर. मग त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला, म्हणजे त्यांच्या मते टेबलावर ठेवला, आणि तो टेबलाच्या बाहेर हवेत ठेवला गेला. कप फुटला. चहा माझ्या पायावर.  करामाच्या घरात ते बघून वावरत नव्हते. पाठ असल्यामुळं वावरत होते.

‘बाबा, खरं सांगा. किती दिसतं?’

‘पुरेसं.’

‘पुरेसं म्हणजे किती?’

त्यांनी मूठ वळली, बोटांच्या मध्ये जरा पोकळी ठेवली आणि ती डोळ्याला लावली. ‘एवढं. पूर्वी मेन डक्ट होता. आता त्याला फुटलेल्या बारीक ब्रँचचं शेवटचं टोक.’

‘आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?’

‘आधी सांगितलं असतं तर काय केलं असतंस? तिकीट कॅन्सल केलं असतंस.’

‘केलंच असतं.’

‘मग?’ ते म्हणाले आणि कपाचे तुकडे उचलायला खाली वाकले, आणि मी ओरडले की हात लावू नका, कापेल. माझा आवाज वाऱ्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलं.

मला त्यांचा भयंकर राग आला होता. खोटं बोलल्याचा, डॉक्टरांनाही गप्प बसायला लावल्याचा, इतकं कमी दिसत असताना वर्षभर माझ्यासमोर चहा करून दाखवल्याचा. आणि त्याहून जास्त त्या लाल रेषेचा. कारण आता ही सहल म्हणजे हौस राहिली नव्हती. पुढच्या वर्षी येऊ, उन्हाळ्यात येऊ, असलं काही शिल्लक नव्हतं. आत्ता बघितला तर बघितला. मी मोजे उलटेपालटे करत बसले आणि बाबा खिडकीकडं तोंड करून बसले. खिडकी त्यांच्यापासून जरा उजवीकडं होती.

शेवटच्या सकाळी ड्रायव्हरनं दार वाजवलं. दोन वादळांच्या मधे थोडा वेळ मिळतोय, म्हणाला, पूर्वेचा रस्ता उघडलाय, मागचाही, आत्ता निघालो तर अर्धा तास बर्फापाशी थांबता येईल आणि लगेच उलटं फिरून विमानतळ गाठता येईल. दुसरं वादळ मागं आहेच. नाश्ता गाडीत.

‘हिरवा?’ बाबांनी विचारलं.

‘हिरवा.’

ते आधीच तयार होते. मी बॅगा भरत होते तेवढ्यात त्यांनी कॅमेऱ्याची पिशवी उघडली, कॅमेरा काढून हीटरवर ठेवला, शेजारी कुकरमध्ये वाटेसाठी भात शिजत होता. ‘आधी त्याला गरम होऊ दे,’ ते म्हणाले, ‘म्हणजे बाहेर काढल्यावर वाफ धरणार नाही.’ आणि मी, रोज कॅमेरा हातात धरून पोट भरणारी, मी मान डोलावली. मला ते बरोबरच वाटलं. लहानपणापासून तेच तर करत आलो होतो. दुबईत आत थंड असतं आणि बाहेर गरम. इथं उलट आहे, हे आंटीची जाकिटं चढवताना कळत होतं आणि कॅमेऱ्याच्या बाबतीत आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

गाडीतही पिशवी हीटरपाशीच ठेवली आणि किनाऱ्यावर उतरलो. वाळू कोळशासारखी काळी, आणि तिच्यावर जिकडं तिकडं बर्फ. मुठीएवढा, टेबलाएवढा, आणि पाण्यात तरंगत असलेला तर आमच्या फ्लॅटएवढा. कॅलेंडर काहीच नव्हतं याच्यापुढं. माझ्या तोंडातून ‘ओह माय गॉड’ निघालं, मराठीत काही सुचलंच नाही. बारीक हिमकण पडत होते. मी कॅमेरा काढला, बाबांच्या गळ्यात घातला, पहिला फोटो तुम्ही काढा म्हटलं. त्यांनी डोळ्याला लावला आणि म्हणाले, ‘काहीच नाही दिसत गं.’

मला वाटलं, त्यांचा डोळा.  मग मी स्वतः बघितलं. तापलेल्या काचेवर हिमकण पडून वितळले होते आणि त्या पाण्याचा तिथल्या तिथं पापुद्रा गोठला होता. कुकरची वाफ आतही शिरली असणार, कारण आतल्या भिंगावरही धुकं होतं. बर्फाचा फोटो काढायला इतक्या लांब आलो आणि बर्फ लेन्सवरच येऊन बसला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. मी नखानं खरवडलं, जाकिटाच्या अस्तरानं घासलं, हाताची ऊब दिली तर आणखीच पसरलं. फोन काढला, तर दोन फोटो घेऊन त्यानं थंडीनं मान टाकली.

बाबा तोवर चालत थोडे पुढं गेले होते आणि एका तुकड्यापाशी थांबले होते. फार मोठा नव्हता. घरच्या गॅसच्या सिलिंडरएवढा, आडवा पडलेला. ते गुडघ्यांवर बसले आणि त्याच्याकडं बघायला लागले. वरून खाली, मग डावीकडून उजवीकडं, अगदी सावकाश.

‘बाबा, तिकडं चला, पाण्यात बघा केवढा मोठा आहे.’

‘थांब जरा.’

‘अहो, इथं थांबायला वेळ नाहीये. हा काय बघताय, असे शंभर पडलेत. तो बघा ना, तो निळा.’

मी त्यांचा दंड धरून ओढलं. खरंच ओढलं. मला ते सगळं त्यांच्या डोळ्यांत भरायचं होतं, तो अख्खा किनारा, समुद्र, फ्लॅटएवढे डोंगर, आणि ते एका फुटकळ तुकड्यापाशी बसलेले. त्यांनी दंड सोडवून घेतला.

‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?’ ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, हळू आवाजात म्हणाले, ‘तू मोठा मोठा म्हणतेस. माझ्या डोळ्यात एवढंच मावतं गं. एवढं तरी नीट बघू दे.’

 मग मी काय केलं, तर परत लेन्स खरवडत बसले. रडू येत होतं आणि ते गालावर झोंबत होतं, म्हणून मान खाली घालून नखानं तो पापुद्रा काढत राहिले. बाबा बघत होते. लाटांच्या आवाजात मध्येच बर्फावर बर्फ आपटल्याचा आवाज यायचा. ड्रायव्हर एकदा त्यांच्याजवळ वाकून काहीतरी बोलला, बोटानं तुकड्यावर काही दाखवलं. मग त्यानं घड्याळाकडं बघितलं आणि मला खूण केली. मला सांगायचा धीर होईना. पण बाबांनीच वाळू झटकत उठून म्हटलं, ‘यल्ला.’

विमान वेळेवर मिळालं.

याला आता दोन वर्षं होत आली. बाबांचं ब्रँचचं टोकही बंद झालं. उजेड आहे की नाही एवढं कळतं. थेंब चालू आहेत, आता का ते विचारायचं नाही. करामाचं घर त्यांना पाठ आहे म्हणून चहा अजून करतात, पण मी शारजाहून निघाले की ट्रॅफिकमध्ये बसून आंटीला फोन करते, ‘गॅस बंद आहे का बघ ना जरा.’ आंटीकडं आमची किल्ली आहे. उन्हाळ्यात आम्ही दोघं चार भिंतींत असतो, एसी घरघरतो, पडदे ओढलेले. मला उत्तरेकडच्या टूरसाठी, फोटोग्राफर म्हणून सोबत येता का, अशी विचारणा आली होती. नाही म्हटलं. कुणावर सोडून जाऊ? कधी कधी अडकल्यासारखं वाटतं. मग तसं वाटल्याचा राग येतो आणि तो राग मी भांड्यांवर काढते. ‘कफीलबाई रागावल्या,’ असं बाबा बाहेरून म्हणतात.

आंटीला पाहिजे होता तो बर्फाबरोबरचा फोटो नाहीच. फोनमधले ते दोन आहेत, लांबून काढलेले, समुद्राचे. बाबांचा तुकडा त्यात कुठंच नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही तो किनारा आता नुसता ‘खूप बर्फ, खूप मोठा’ इतकाच आठवतो. दोन धड डोळ्यांनी मी सगळं बघितलं आणि हातात काही राहिलं नाही.

बाबांकडं राहिलंय. घरी कुणी आलं की ते सांगतात. सिलिंडरएवढा होता, वरून दुधी, तळाशी निळा, शाईच्या बाटलीच्या बुडाला असतो तसा. आत बुडबुड्यांची ओळ, साबुदाण्यासारखी. एका बाजूची कड इतकी पातळ झालेली की तिच्यातून पलीकडची काळी वाळू दिसत होती. आणि मधून एक काळी रेघ, तिरकी, डावीकडं जाड आणि उजवीकडं बारीक. ती ज्वालामुखीची राख, ड्रायव्हरनं बोट ठेवून दाखवली, किती जुनी कोण जाणे. रेघेपाशी आले की ते हवेत बोटानं तिरकं ओढून दाखवतात. मी इतक्या वेळा ऐकलंय, की स्टुडिओत ॲक्रिलिकचे खडे पुसताना कधी कधी माझं बोटही त्याच दिशेनं जातं.

परवा आंटी रविवारची बोंबलाची आमटी घेऊन आली. तिच्याबरोबर तिच्या हॉटेलातली नवीन मुलगी होती, तिनं कधी बर्फ बघितलेला नाही असं आंटीनं सांगितलं. झालं. बाबा सरसावून बसले. सिलिंडर झाला, दुधी झालं, निळं झालं, साबुदाणा झाला, पातळ कड झाली. ‘असा होता तो,’ म्हणाले आणि थांबले.

मी स्वयंपाकघराच्या दारात वाट बघत उभी होते. बोट उचललं गेलं नाही.

‘आणि रेघ, बाबा?’

‘कसली रेघ?’

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. आंटीनं नजर खाली केली. माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

‘काळी रेघ. मधून गेलेली. तिरकी. राखेची होती.’

बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बराच वेळ ते शोधत राहिले. मग म्हणाले, ‘तू बघितलीस?’

मी तेव्हा मान खाली घालून लेन्स खरवडत होते. त्या तुकड्याकडं मी धड एकदाही बघितलं नव्हतं.

‘बघितली ना,’ मी म्हणाले. ‘तुमच्या शेजारीच तर होते. डावीकडं जाड होती आणि उजवीकडं बारीक होत गेलेली.’

‘मग बरोबर,’ बाबा म्हणाले, आणि ती मुलगी बसली होती त्याच्या जरा डावीकडं तोंड करून त्यांनी परत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.